इर्विन, डफरिन आणि 'विभाग निवडा'

अमरावतीत एसटी स्टँडवर उतरून ऑटोवाल्याला "जिल्हा स्त्री रुग्णालय" असं सांगून बघा. तो क्षणभर तुमच्याकडे बघेल आणि विचारेल, "डफरिनले जाच हाय काय?" 'जिल्हा सामान्य रुग्णालय' म्हणालात तर, "इर्विन म्हना ना भाऊ!" लॉर्ड आयर्विन १९३१ साली व्हाइसरॉयपद सोडून गेले. लेडी डफरिन तर त्यांच्याही कितीतरी आधीच्या. त्यांच्या नावाचा निधी १८८५ साली सुरू झाला आणि त्यातून देशभर बायकांचे दवाखाने उभे राहिले. पाट्या बदलल्या, सरकारं बदलली, पण लोकांच्या तोंडातली नावं काही बदलली नाहीत. अकोल्यातही तेच, तिथल्या स्त्री रुग्णालयाला लोक अजून 'लेडी हार्डिंग'च म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, वीकएंडला हा इतिहास कशाला? तर मंडळी, विषय इतिहासाचा नाहीच, वेबसाइटच्या मेन्यूचा आहे. धारणीहून किंवा चिखलदऱ्याहून घाट उतरून एखाद्या बाळंतिणीला अमरावतीला आणायचं असेल, तर तिचा भाऊ मोबाइलवर काय टाइप करेल? 'आरोग्य सेवा > संस्था > माध्यमिक स्तर'? तो 'डफरिन अमरावती फोन नंबर' एवढंच टाइप करेल, किंवा तेही नाही, माइकचं बटण दाबून बोलेल. त्या शब्दाला उत्तर देणारं पान अधिकृत साइटवर असलं पाहिजे की नाही, एवढाच आजचा प्रश्न.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाचायची सक्ती नको :-) मेन्यू सोपा करणं आणि गुगलवर वर येणं ही दोन वेगळी कामं आहेत, असं आपल्या धंद्यात समजलं जातं. एकासाठी डिझायनर, दुसऱ्यासाठी 'एसईओवाला'. मला हे पटत नाही. दोन्हीकडे काम एकच आहे: लोकांचा प्रश्न, लोकांच्या शब्दांत, स्वतःचा पत्ता असलेल्या एका पानावर ठेवायचा. हे केलं की दोन्ही साधतं, आणि हे न करता बाकी सगळं केलं की पैसे जातात.

आता जरा खोलात जाऊ.

साहेबांच्या खुर्च्यांचा नकाशा

आपल्याकडच्या बहुतेक संस्थांचा मेन्यू बघा. आमच्याविषयी, अध्यक्षांचा संदेश, प्रशासन, विभाग, योजना, निविदा, संपर्क. हा संस्थेचा आतला नकाशा आहे. कोणाच्या हाताखाली कोण, हे त्यावरून कळतं. बाहेरून आलेल्या माणसाला मात्र त्यात रस नसतो. त्याला दाखला हवा असतो.

सगळ्यात परिचित उदाहरण म्हणजे महाभूलेख. सातबारा घरबसल्या दिसू लागला, ही महाराष्ट्रात झालेली फार मोठी गोष्ट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या पहिल्या पानावर कित्येक वर्षं पहिला प्रश्न होता, विभाग निवडा. पुणे, नाशिक, औरंगाबाद, नागपूर, अमरावती, कोकण. आता मेहकरच्या शेतकऱ्याचा जिल्हा बुलढाणा. त्याला जिल्हा विचारला तर झोपेतही सांगेल. पण महसुली विभाग? बुलढाणा अमरावती विभागात येतो, हे तलाठ्याला पाठ, एमपीएससी करणाऱ्या पोराला पाठ. साध्या माणसाला ते माहीत असायचं कारणच काय? अमरावती विभागात जिल्हे पाच: अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम. त्यातलं वाशीम तर १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळं झालं. म्हणजे ज्याच्या बापाच्या जुन्या कागदांवर 'जिल्हा अकोला' लिहिलंय, त्याने वाशीमखाली शोधायचं आणि त्यासाठी आधी अमरावतीवर क्लिक करायचं!

आणि गंमत अशी की हा प्रश्न विचारायची गरजच नव्हती. जिल्हा कळला की विभाग संगणकाला आपोआप कळतो. ती एक छोटीशी यादी आहे, कुठलाही प्रोग्रामर पंधरा मिनिटांत लिहील. विभागाचा प्रश्न लोकांसमोर आला, कारण आत कारभाराची रचना तशी होती. आतली भिंत बाहेर दिसली, बस.

तसंच दाखल्यांचं. लोकसेवा हक्क कायदा २०१५ साली आला आणि 'आपले सरकार' पोर्टलवर सेवा आल्या. उत्पन्नाचा दाखला कुठे? महसूल विभागात, आणि त्यात 'महसूल सेवा' या खणात. जून-जुलैत प्रवेशाच्या धावपळीत असलेली पोरगी 'महसूल' शोधत नाही हो. ती 'शिष्यवृत्तीला काय काय कागद लागतात' हे शोधत असते. मग होतं काय, ती चौकातल्या ऑनलाइनच्या दुकानात जाते आणि मेन्यू ज्याला पाठ आहे त्या माणसाला पैसे देते. शासनाच्या फीवर वरचे जे पैसे जातात, त्यातला एक भाग हा सरळसरळ वाईट नॅव्हिगेशनचा कर आहे. तो भरतात कोण, तर ज्यांना परवडत नाही ते.

'विस्तार' म्हणजे काय रे भाऊ?

अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालचं. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांच्या कामाची विभागणी सारखीच: शिक्षण, संशोधन आणि विस्तार शिक्षण. कामाची विभागणी म्हणून ती बरोबरच आहे. पण हीच विभागणी मेन्यू म्हणून वापरली तर काय होईल, याचा विचार करा. पऱ्हाटीवर अळी दिसली. आता हा प्रश्न संशोधनाचा की विस्ताराचा? 'विस्तार' हा शब्द शेतकरी वावराच्या किंवा घराच्या बाबतीत वापरेल, सल्ल्याच्या बाबतीत नाही. आतल्या माणसाला जो शब्द रोजचा, तो बाहेरच्याला कोडं वाटतो.

यात नुसती गैरसोय असती तर मी एवढं लिहिलंच नसतं. २०१७ च्या पावसाळ्यात आपल्याच अमरावती विभागातल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. वेबसाइट नीट नव्हती म्हणून हे झालं, असं म्हणणं शुद्ध वेडेपणा होईल. त्यामागे औषधांची मिश्रणं होती, संरक्षक कपडे नसणं होतं, विक्रीवरचं नियंत्रण होतं. पण त्यानंतर एक प्रश्न आपल्या धंद्यातल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा. फवारताना चक्कर आली, डोळे चुरचुरले, उलटी झाली, तर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं? डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण काय सांगतो? (लाल सगळ्यात जहाल, हिरवा सगळ्यात सौम्य.) ही माहिती मोबाइलवर, मराठीत, एका बोटावर मिळायला हवी. ती 'परिपत्रके' या खणात, सालवार यादीत, स्कॅन केलेल्या पीडीएफच्या तिसऱ्या पानावर असेल तर ती 'प्रसिद्ध केली आहे' हे कागदोपत्री खरं. वावरात उभ्या माणसापुरती ती नाहीच.

शब्दाला पत्ता हवा

आता शोधाकडे येऊ. गुगल आपलं पान वर का आणत नाही, यावर लोक फार गूढ बोलतात. त्यात खरंच गूढ भाग आहे, पण आपली गाडी तिथपर्यंत पोचतच नाही, ती फाटकातच अडते.

पहिली अडचण शब्दांची. कपाशीवरच्या त्याच किडीला कुणी 'गुलाबी बोंडअळी' म्हणतं, कुणी 'शेंदरी बोंडअळी'. कुणी 'बोंड अळी' असं तोडून लिहितं. सातबारा, ७/१२, सात-बारा, सगळं एकच. पानावर यातला एकच शब्द असेल तर बाकीच्या शब्दांनी शोधणाऱ्यांना ते सापडेलच याचा भरवसा नाही. सर्च इंजिनं समानार्थी शब्द हल्ली बरेच ओळखतात, पण इंग्रजीइतकी मदत मराठीला मिळेल असं धरून चालू नये, आणि वऱ्हाडीला तर नाहीच नाही. उपाय साधा आहे. शीर्षकात एक नाव, पहिल्या दोन वाक्यांत बाकीची नावं, बोलीतल्या नावासकट. पानाच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शंभर शब्द कोंबायचे नाहीत. ती जुनी लबाडी आता उलट अंगाशी येते.

दुसरी अडचण नावांची. अमरावती म्हटलं की जगाला आता आंध्र प्रदेश आठवतो. २०१४ मध्ये आंध्रचं विभाजन झालं, २०१५ मध्ये नव्या राजधानीची पायाभरणी झाली, आणि तेव्हापासून आपल्या अमरावतीला शोधाच्या निकालात एक तगडी जाऊ मिळाली. देवनागरीत तर दोघींचं स्पेलिंगही एकच! तशीच अकोल्याला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची सोबत आहे. त्यामुळे शीर्षकात नुसतं 'अमरावतीतील महाविद्यालय' लिहून भागत नाही. 'महाराष्ट्र' किंवा 'विदर्भ' हा शब्द तिथे लागतोच. स्थानिक माणसाला ते फालतू वाटतं, कारण त्याला दुसरी अमरावती दिसतच नाही. बडनेऱ्याचंही असंच. मुंबई-हावडा मुख्य मार्ग बडनेऱ्यावरून जातो आणि अमरावती तिथून निघालेल्या फाट्यावर आहे, हे आपल्याला इतकं माहीत असतं की पाहुण्याला सांगायचंच राहून जातं. तो अमरावती स्टेशनच्या गाड्या बघतो आणि 'गाड्याच कमी आहेत' म्हणून बसने येतो. म्हणून 'कसे पोहोचाल' या पानावर पहिलं वाक्य 'बडनेऱ्याला उतरा' हेच असायला हवं.

तिसरी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते: पत्ताच नसलेली पानं. बऱ्याच जुन्या साइट्सवर तुम्ही ड्रॉपडाउनमधून काहीही निवडा, वरचा यूआरएल बदलत नाही. सगळं एकाच पानात फॉर्म पाठवून चालतं. याचा अर्थ आतल्या मजकुराला स्वतःचा पत्ता नाही. गुगलचा रोबो फॉर्म भरत बसत नाही. तो साध्या लिंका धरून पुढे जातो. लिंकच नसेल तर त्याच्या लेखी ते पान जगात नाही. आणि रोबोचं सोडा, माणसालाही ते पान व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येत नाही. मग लोक स्क्रीनशॉट पाठवतात, आणि दोन वर्षांपूर्वीची मुदत आजची म्हणून गावभर फिरते. (कुणाच्या जमिनीचा उतारा गुगलमध्ये दिसायला हवा, असं मी म्हणत नाही. तो फॉर्ममागेच बरा. पण 'उताऱ्यात नाव चुकलं तर काय करायचं' या पानाला पत्ता नको का?)

चौथी अडचण आपल्या मराठीची खास. युनिकोड सर्रास होण्याआधीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर. डोळ्याला मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. आजही अशा फाइलींतून पीडीएफ निघतात. त्यातला मजकूर कॉपी करून कुठेही पेस्ट करून बघा, लगेच कळेल. जे तुम्हाला कॉपी करता येत नाही, ते गुगललाही नीट वाचता येत नाही.

"पण आता मेन्यू बघतो कोण?"

हा आक्षेप मला हमखास ऐकायला मिळतो, आणि तो बिनबुडाचा नाही. लोक होमपेजवरून येतच नाहीत, थेट शोधातून आतल्या पानावर उतरतात. जग कप्प्यांत मांडायचा प्रयत्न याहूने केला, त्यांची डिरेक्टरी २०१४ मध्ये बंद झाली. डीमॉझ २०१७ मध्ये गेलं. आता तर २०२४ पासून गुगल भारतातही एआयने लिहिलेलं उत्तर वरच देऊ लागलं. मग मेन्यूवर डोकं कशाला खपवायचं?

माझं उत्तर असं. माणूस थेट आत उतरतो, म्हणूनच मेन्यू जास्त लागतो. दारातून आलेल्याला घर माहीत असतं, खिडकीतून आलेल्याला नाही. तो 'उत्पन्नाचा दाखला' या पानावर उतरला, पण त्याला नॉन-क्रीमी लेयर हवं होतं. आता आपण कुठे आहोत आणि शेजारी काय आहे, हे त्या पानाने सांगायला हवं. वरची ती 'मुखपृष्ठ > दाखले > उत्पन्नाचा दाखला' अशी छोटी ओळ त्यासाठीच असते. आणि तीच ओळ रोबोलाही सांगते की हे पान कशाच्या पोटात आहे. एआयचं म्हणाल तर तेही हीच पानं वाचून बोलतं. अधिकृत साइटवर स्वच्छ पान नसेल तर ते कुठल्यातरी जाहिरातींनी भरलेल्या 'योजना माहिती' साइटवरून उचलेल. तिथली मुदत चुकीची असली तर फटका कुणाला बसणार, हे सांगायला नको.

दुसरा आक्षेप सरकारी आहे: "माहिती अधिकारात आम्हाला आमची रचना प्रसिद्ध करावीच लागते." खरं आहे. २००५ च्या कायद्यातलं कलम ४ संस्थेची रचना, कार्ये, कर्तव्ये यांसह सतरा बाबी आपणहून जाहीर करायला सांगतं. पण ती रचनाच तुमचा मेन्यू असावी, असं कायदा कुठेही म्हणत नाही. उलट त्याच कलमात पुढे म्हटलंय की माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सगळ्यात परिणामकारक ठरणारं माध्यम विचारात घ्यावं. म्हणजे 'डफरिन' लिहिणं हा भाषेचा गलथानपणा नाही, ते कायद्याच्या हेतूला धरूनच आहे. सतरा बाबी तळाच्या एका लिंकमध्ये सुखाने राहू शकतात.

आधी झाडू

मग करायचं काय? वऱ्हाडातल्या माणसाला हे शिकवायला नको. गाडगेबाबा गावात आले की आधी खराटा हातात घेऊन गाव झाडत, कीर्तन रात्री. आपण उलटं करतो. आधी नवं चकाचक डिझाइन, सरकतं बॅनर, मान्यवरांचे फोटो, आणि २०११ ची निविदा तशीच 'नवीन' या लुकलुकत्या पाटीसकट.

मी मित्रांबरोबर मध्यंतरी अकोल्याकडच्या एका शिक्षणसंस्थेची साइट नव्याने मांडून दिली. तिथे सगळ्यात उपयोगी ठरला तो ऑफिसातला फोन उचलणारा क्लार्क. दिवसभर लोक काय विचारतात, ते त्याला पाठ. टीसी कधी मिळेल, फी किती, हप्ते चालतात का, होस्टेल आहे का, निकाल कुठे. आम्ही ते प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहिले आणि पहिल्या वर्षाच्या सात-आठ पोरांना म्हटलं, याचे गठ्ठे लावा आणि गठ्ठ्यांना तुम्हीच नावं द्या. मेन्यू तयार झाला. 'शैक्षणिक', 'प्रशासकीय' ही नावं एकाही गठ्ठ्याला मिळाली नाहीत. या पद्धतीला 'कार्ड सॉर्टिंग' असं भारदस्त नाव आहे, पण खर्च पोस्टकार्डाएवढाच :-)

बाकी चार गोष्टी मी यादी न करता सांगतो. मेलेली पानं काढा, पण ज्यांचा विषय जिवंत आहे त्यांचा जुना पत्ता नव्या पत्त्याकडे कायमचा वळवा (तेच ते ३०१ रिडायरेक्ट). नाहीतर वर्षानुवर्षं जमवलेली ओळख एका रात्रीत जाते, आणि 'रिडिझाइन केलं आणि गुगलवरून गायब झालो' ही रडकथा बहुतेक वेळा इथेच सुरू होते. लिंकवर 'येथे क्लिक करा' लिहू नका, 'होस्टेलची फी' लिहा. माणूस आणि रोबो दोघेही लिंकवरचेच शब्द वाचून ठरवतात. प्रत्येक नोटिशीचा मजकूर पानावर युनिकोडमध्ये टाका, सहीचं पीडीएफ खाली जोडा. आणि सगळं आधी मोबाइलवर बघा. गुगलनेही ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर केलं की आता ते साइटचं मोबाइल रूपच मुख्य धरतात; मोबाइलवर जे लपवलं ते त्यांच्यापासूनही लपलं.

यातलं काहीही तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही. कठीण आहे ते मिटिंगमध्ये. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला विभाग होमपेजवर हवा असतो, आणि नाही म्हणणारा कुणी नसतो. ग्रंथालयशास्त्रातले आपले रंगनाथन यांनी १९३१ साली जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे. त्यांच्यासमोर कपाटं होती, आपल्यासमोर मेन्यू. वाद मात्र तोच: कपाट ठेवणाऱ्याच्या सोयीने लावायचं की घेणाऱ्याच्या?

आता थोडं तुमच्या-माझ्यासाठी. वऱ्हाडातली किती पोरं पुण्यात हिंजवडीला, बंगलोरला हेच काम करतात! अमेरिकेतल्या दुकानाचं 'चेकआउट' अर्ध्या सेकंदाने सोपं करायला आपण महिनाभर डोकं लावतो. आपल्याच तालुक्यातल्या शाळेची, बाजार समितीची, नगरपालिकेची साइट मात्र एका शनिवारातही सुधारेल अशी असते. सगळी बांधून द्या असं म्हणत नाही. दिवाळीला घरी गेलात की एक करा. आईच्या नाहीतर काकांच्या हातात त्यांचाच मोबाइल द्या आणि त्यांना रोज लागणारी एक गोष्ट शोधायला सांगा. मदत करू नका, नुसतं बघा. कुठल्या शब्दावर त्या थांबल्या, कुठे परत फिरल्या, शेवटी कुठला शब्द बोलल्या, ते लिहून घ्या. मग ती अर्ध्या पानाची नोंद त्या संस्थेला सभ्य भाषेत पाठवा. दहातली एखादी ऐकेल. पण जी ऐकेल, तिच्या मेन्यूत एक शब्द लोकांचा येईल.